घरटी एक अर्ज

सकाळी भांडी घासता घासता सुनेने खिडकीतून बाहेर बघितलं, तर चौकात ती स्वतःच गुडघ्यावर बसलेली.

म्हणजे फळीची. माणसाच्या मापाचे प्लायवूडचे दोन तुकडे, पांढरा रंग मारून त्यावर काळ्या रेघांनी चित्र काढलेलं. एक तुकडा तिचा नवरा. अंगात आगीच्या बंबवाल्यांचा जाड कोट, खांद्यावर बेशुद्ध पडलेला कुणी एक बिनचेहऱ्याचा माणूस. दुसरा तुकडा ती. नवऱ्याच्या पायाशी गुडघे टेकलेली, हातात त्याचं हेल्मेट, मान खाली. सुतार मागच्या बाजूने टेकू ठोकत होता. ठोक, ठोक, ठोक. दर ठोक्याला फळीतली बाई थरथरायची.

"आई, बघा तरी काय लावलंय."

सासू ओले हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. "नाक नाही जमलं," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे परत गेली.

आता हे काय प्रकरण ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी गावातल्या गाद्यांच्या गोदामाला आग लागली. हिचा नवरा बंबावर कामाला. आत शिरून त्याने अकरा माणसं बाहेर काढली, बाराव्यासाठी परत गेला, आणि दोघेही बाहेर आले नाहीत. गाव हळहळलं. वॉर्डाचा मेंबर म्हणाला, चौकात पुतळा झाला पाहिजे. त्या गावात पद्धत अशी की चौकात काहीही उभं करायचं तर आधी त्याच मापाचा फळीचा नमुना त्याच जागी तीस दिवस ठेवायचा. खांबावर नोटीस चिकटवायची. लोकांनी येता-जाता बघायचं, काही हरकत असेल, सूचना असेल तर नगरपालिकेत अर्ज टाकायचा. मग सुनावणी, मग परवानगी. नियम चांगला हो. नियमात खोट नव्हती. खोट होती ती तो राबवणाऱ्या हातांत, आणि ती किती जुनी होती हे कुणाला आठवत पण नव्हतं.

सासरे किल्लीवाले. खाली दुकान, वर घर. गावातलं कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडायचे. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. पोरगा गेला तेव्हा दीड महिना त्यांनी दुकानाची फळी काढली नव्हती. मग एक दिवस मेंबर पुतळ्याचं बोलायला आला आणि म्हाताऱ्याच्या अंगात जीव आला. तेव्हापासून दाढी रोज, सदरा इस्त्रीचा. पुतळा हाच त्यांचा पोरगा झाला.

आणि सून? तिला कुणी मारत नव्हतं. उपाशी ठेवत नव्हतं. मोठ्याने ओरडतसुद्धा नव्हतं. म्हणूनच तर कुणाच्या डोळ्यावर येत नव्हतं. फक्त एवढंच, की वाण्याच्या दुकानापलीकडे जायचं नाही. तिचा निळा स्वेटर ट्रंकेत गेला तो गेलाच, अंगावर राखाडी. कुणाच्या घरी बारसं-लग्न असलं की, "तू कशाला, आम्ही जाऊन येतो." हसली की सासरे मान वळवून बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसतं बघायचे. वय तिचं एकोणतीस. माहेरी विचाराल तर आई-बाप नाहीत, एक भाऊ, तो लांब. जायला दुसरं दार नाही.

नाही म्हणायला एक दार होतं.

बंबखान्याच्या नियमाप्रमाणे कामावर असताना जीव गेलेल्या माणसाच्या बायकोला नोकरी मिळते. तिच्यासाठी फोनवरची जागा ठेवलेली होती. लोक आग लागली की फोन करतात ना, तो उचलायचा, पत्ता घ्यायचा, बंब सोडायचा. तीन वर्षांच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. दोनदा पत्र आलं, दोनदा सासऱ्यांनी ते गल्ल्यात घालून वर कुलूप लावलं.

नमुना लागला त्याच आठवड्यात बंबखान्याचे साहेब स्वतः घरी आले. जाडे, मिशाळ, जिना चढून धापा टाकत बसले.

"काका, पुढच्या महिन्याची अखेर ही शेवटची तारीख आहे. मी अजून ताणू शकत नाही. हिला पाठवा."

"साहेब, तुमचे उपकार आहेत," सासरे म्हणाले. "पण तुम्हीच बघा खिडकीतून. उद्या तिथं लोक फुलं वाहणार. आणि वाहून मागं वळले की ही डबा घेऊन बसच्या रांगेत? कसं दिसतं ते?"

"बसच्या रांगेत माणसं उभीच असतात हो काका."

"माणसं असतात. ही त्याची बायको आहे."

सून आतल्या दारात चहा घेऊन उभी होती. कप तिने साहेबांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर तोंड उघडलं. "साहेब, त्या दिवशी ज्यांनी फोन उचलला, त्यांनी काय विचारलं होतं?"

साहेबांनी कप हातातच फिरवला. मग म्हणाले, "पत्ता विचारला. गोदाम कुठलं, रस्ता कुठला. नियमाप्रमाणे तेच आधी विचारतात."

"आत कोण आहे, हे?"

"ते शेवटी विचारलं. तोवर बंब पुढच्या फाटकाला लागला होता. माणसं मागच्या खोलीत अडकलेली." साहेबांनी कप खाली ठेवला. "चार मिनिटं गेली त्यात."

"मी ते आधी विचारीन," सून म्हणाली.

सासऱ्यांनी मान वळवून बघितलं. ती आत गेली.

त्यानंतर दिवस जात राहिले आणि नमुन्याची गावाला सवय झाली. पोरं फळीतल्या बाईच्या पाठीवरून उड्या मारायची. कुत्रं तिच्या सावलीत झोपायचं. कुणीतरी तिच्या मानेला छत्री अडकवून विसरून गेलं, ती चार दिवस तशीच. लोकांना चित्र आवडलं. एवढं आवडलं की जिवंत बाई त्या चित्रासारखी दिसत नाही याचा त्यांना राग यायला लागला. वाण्याकडे साखर घ्यायला गेली तर कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली, "अगं, चित्रात किती शांत दिसतेस! प्रत्यक्षात तरातरा चालतेस."

"साखर संपलीय मावशी. शांत चालले तर चहा कधी होणार?"

भाजीवाली हसली. पण शेजारच्या बाकावर बसलेले दोन म्हातारे हसले नाहीत. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "जीभ आहे बाईला. पुतळा झाला की बरं, त्याला नसते."

घरी येऊन तिने खिडकी लावून घेतली. सासऱ्यांनी उघडली. "माझा पोरगा आहे तिथं. मला दिसू दे." त्यांना पोरगा दिसायचा. तिला फळीतली ती दिसायची. भांडी घासताना, भाजी चिरताना, केस विंचरताना. दिवसभर ती उभी आणि समोर ती बसलेली. एकदा भांडं हातात धरून ती नकळत तशीच मान खाली घालून बसली होती, आणि तिचं तिलाच कळल्यावर भांडं हातून सुटलं.

"काय पडलं?" सासऱ्यांनी खालून विचारलं.

"काही नाही, बाबा."

पंधराव्या दिवशी सासऱ्यांनी टेबलावर अर्ज भरायला घेतला. नगरपालिकेचा छापील कागद. हरकत आहे किंवा नाही, सूचना असल्यास लिहा, सही करा. चष्मा पुसून त्यांनी सावकाश लिहिलं, हरकत नाही, काम लवकर व्हावं.

"बाबा, मला पण एक कागद मिळेल का?"

"कशाला?"

"मला एक सूचना लिहायची होती."

सासऱ्यांना खरंच आश्चर्य वाटलं. तिने आणखी एक घर मागितलं असतं तरी एवढं वाटलं नसतं. "घरटी एक अर्ज असतो, बाई. घराचा भरला की. बघ, लिहिलंय." आणि त्यांनी घडी घालून खिशात टाकला.

सासू लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या वेळी चौकातलं नळकोंडाळं हलवलं ना, तेव्हा पण असाच एक कागद आला होता. पाणी मी भरायचे. सही यांची होती." मग लसूण सोलत राहिली.

पंचविसाव्या दिवशी सून वाण्याकडे म्हणून निघाली आणि वाण्याच्या दुकानापलीकडे गेली. रस्ता ओळखीचा, पण तीन वर्षांत न चाललेला, त्यामुळे प्रत्येक पाटी तिच्याकडे बघतेय असं वाटत होतं. नगरपालिकेत पहिल्या मजल्यावर बांधकाम-परवानग्यांचं टेबल. त्यावर एक बाई बसलेली, गळ्यात दोरीला चष्मा, निवृत्तीला आलेली, पेन्सिल तासत.

"चौकातल्या पुतळ्याचा कागद बघायचाय."

"बघा. तीस दिवस कुणीही बघू शकतं." चष्मेवाल्या बाईने फाईल सरकवली. "पानं फाडू नका म्हणजे झालं."

"मला हरकत लिहायचीय."

"घर कुठलं?" तिने सांगितलं. बाईने वहीत बोट फिरवलं. "आलाय की तुमच्या घराचा. हरकत नाही म्हणून."

"तो सासऱ्यांचा आहे. माझा नाही."

"घरटी एकच घेतो."

"नियमात तसं आहे?"

चष्मेवालीने चष्मा डोळ्यावरून खाली घेतला. खरं सांगायला तिला जड गेलं. "नियमात 'कुणीही' असं आहे. पण मी इथं तीस वर्षं आहे, घरटी एकच घेतात. पहिल्या दिवशी मला तसंच सांगितलं, मी तसंच घेत आले." मग जरा आवाज खाली आणून, "माझ्या घराचा पण मी नाही भरत."

सुनेने फाईल उघडली. नकाशा, मापं, मेंबरचं पत्र. मग दोन कागद एकासारखे एक. वर छापलेलं, 'ज्यांची प्रतिमा उभारायची त्यांची संमती.' खाली दोन रकाने. पहिला, माणूस हयात असेल तर त्याने इथं सही करावी. दुसरा, माणूस मयत असेल तर जवळच्या नातेवाइकाने इथं. पहिल्या कागदावर नवऱ्याचं नाव, खाली मयतच्या रकान्यात सासऱ्यांची सही. बरोबर.

दुसऱ्या कागदावर तिचं नाव. हयातचा रकाना कोरा. मयतच्या रकान्यात सासऱ्यांची सही, तीच वळणदार, खाली दोन ठिपके.

तिने दोनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं. "बाई, हे बघा. मी मेलेय इथं."

चष्मेवालीने बघितलं आणि तिच्या हातातली पेन्सिल थांबली. "अगं बाई! हे माझ्या नजरेखालून गेलं कसं?" पण तिलाही कळलं, कसं गेलं. पुरुषाची सही होती, कागद भरलेला होता, पान उलटलं. "हे बघा, मला टेबलावरून खोडता येत नाही. तीस तारखेला सुनावणी आहे. तुम्ही तिथं या आणि तोंडाने सांगा. जित्या माणसाने नाही म्हटलं तर त्याची मूर्ती करता येत नाही, हा पक्का नियम आहे. पण यावं लागेल. तुम्ही आला नाहीत तर हाच कागद खरा."

घरी येताना ती अर्धा किलो साखर घ्यायला विसरली. सासऱ्यांना संशय यायला तेवढं पुरलं.

"कुठं होतीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"नगरपालिकेत. बाबा, तुम्ही माझ्या नावावर मयतच्या रकान्यात सही केलीय."

ते गोंधळले. खरंच गोंधळले, सोंग नव्हतं. "दोन कागद होते. मेंबर घाई करत होता. एकावर जिथं केली तिथंच दुसऱ्यावर केली. चूक झाली असेल. मेंबर बघेल ते."

"मला सुनावणीला यायचंय."

"गर्दी असते. तू काय बोलणार तिथं?"

"हेच, की मी जिवंत आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा कळवळला. "पोरी, माझ्याकडे बघ. एकुलता एक होता. तो एकटा उभा राहिला तर कोण म्हणेल त्याचं कुणी होतं? तू पायाशी असलीस की त्याला घर असल्यासारखं दिसतं. तुझं काय जातंय गं? तू बसलीस काय, नुसती फळी बसली काय!"

म्हातारा रडायला लागला होता. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. बायकांना कोंडायला यासारखं दुसरं कुलूप नाही, आणि ते तयार करणाऱ्याला ते आपण केलंय हे ठाऊकही नसतं.

तीस तारखेला सकाळी दहाला सासरे इस्त्रीचा सदरा घालून निघाले. सुनेने चपला घातल्या होत्या.

"काढ त्या. आजच्या दिवस घरी थांब," ते म्हणाले. "तुझ्या भल्याचंच सांगतोय." मग सासूकडे बघून, "दोघी पण थांबा." दार ओढलं आणि बाहेरून किल्ली फिरली. दाराच्या अंगचं कुलूप, त्यांनी स्वतः बसवलेलं. आतून-बाहेरून एकच किल्ली, आणि ती त्यांच्या कमरेच्या जुडग्यात.

सून दाराला टेकून खाली बसली. गुडघ्यावरच बसली. खिडकीतून समोर तीच दिसत होती. सुनावणी अकराला. घड्याळ दहा वाजून दहा.

सासू स्वयंपाकघरात खुडबुड करत होती. डबा पडल्याचा आवाज आला. मग ती कोपरापर्यंत पिठाने माखलेला हात घेऊन बाहेर आली. मुठीत काहीतरी होतं. उघडली. किल्ली.

"ही कुठली?"

"याच दाराची."

"बाबांची?"

"माझी." सासूने किल्ली फुंकून पीठ उडवलं. "लग्न झालं तेव्हा खाली दुकानात मी त्यांच्या शेजारी बसायचे. बघून बघून येतं की. साबणावर ठसा घेतला आणि दुपारी ते झोपले की कानसत बसायचे. आठ दिवस लागले. नंतर कुलूप बदललं, तशी पुन्हा केली."

"कधी वापरली?"

"नाही."

"चाळीस वर्षांत एकदाही नाही?"

"जायचं कुठं हे कुठं ठरलं होतं?" सासू म्हणाली. "तुझं ठरलंय. ऊठ."

किल्ली कुलपात जरा अडकली. सासूने सुनेच्या हातातून घेतली, थोडी वर उचलून फिरवली, आणि दार उघडलं. सून दोन पायऱ्या उतरली, वळून म्हणाली, "आई, तुम्ही पण चला." सासू दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाय पुढं टाकला, मागं घेतला. "तू हो पुढं," म्हणाली.

सुनावणीचा हॉल भरलेला. पुढच्या रांगेत मेंबर, शेजारी सासरे. टेबलामागे परवानगी देणारे अधिकारी, बाजूला चष्मेवाली बाई कागद देतेय. भिंतीपाशी बंबखान्याचे साहेब. अधिकारी एका सुरात वाचत होते. "एकूण घरं चारशे बारा. अर्ज आले तीनशे चाळीस. हरकत एकही नाही. चित्रित व्यक्ती दोन. दोघेही मयत. दोघांच्या वतीने संमती—"

"साहेब, मी आलेय."

सगळ्यांच्या माना मागे. दारात राखाडी कपड्यांतली बाई, धापा टाकत.

"आपण कोण?"

"तुम्ही आत्ता वाचलंत ना, मयत? त्यातली दुसरी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसला, कारण काय करावं हे सुचलं नाही की लोक हसतात. चष्मेवाली हसली नाही. तिने तो कागद काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि रकान्यावर पेन्सिल टेकवली.

मेंबर उठला. "साहेब, किरकोळ चूक आहे. काकांनी घाईत सही केली. आता या आल्याच आहेत, वरच्या रकान्यात सही करतील, झालं!" त्याने स्वतःचं पेन काढून सुनेच्या हातात दिलं, आणि प्रेमाने दिलं. "घ्या वहिनी. सगळं गाव थांबलंय तुमच्यासाठी."

आता बघा तिची दशा. चारशे डोळे. हातात पेन. पुढे कागद. नवऱ्याचा पुतळा, गावाची इच्छा, म्हातारा सासरा. सही केली तर कुणी वाईट म्हणणार नाही, उलट डोक्यावर घेतील. कुणी काही सांगितलं की त्याला 'नाही' म्हणणं तिने तीन वर्षांत केलेलं नव्हतं.

सासरे हलक्या आवाजात म्हणाले, "कर गं. माझ्यासाठी कर."

तिने कागदावर वाकून लिहिलं. मेंबर वाचायला पुढे झुकला आणि त्याचा चेहरा पडला. हयातच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, नाही. आणि खाली सही, पूर्ण नाव, ठळक.

हॉलमध्ये गलका उठला. "नवऱ्याच्या पुतळ्याला आडवी येते!" "लाज आहे का!" अधिकाऱ्यांनी टेबल वाजवलं. "कारण नोंदवावं लागतं, बाई. सांगा."

"त्यांचा पुतळा करा," ती म्हणाली. आवाज फाटत होता, पण थांबला नाही. "मोठा करा. मी रोज पुसायला येईन. पण ते चित्र खोटं आहे. मी कुठंच बसले नव्हते. त्या दिवशी मी गोदामाकडे पळत होते, एक चप्पल रस्त्यात राहिली. आणि ते हेल्मेट माझ्या हातात कधी आलंच नाही, ते जळून गेलं. त्यांचं काय उरून हातात आलं ते बंबाच्या साहेबांना विचारा."

भिंतीपाशी साहेबांनी मान खाली घातली.

"आणि बाबा," ती सासऱ्यांकडे वळली, "चूक झाली म्हणू नका. खोटी सही करताना माणसाचा हात एकदा तरी अडखळतो. तुमचा अडखळला नाही. घरात मी तशीच होते ना. कागदाने फक्त लिहून घेतलं."

कमरेचं जुडगं सासऱ्यांनी हाताने चाचपलं, जागेवर आहे का बघितलं, आणि मग सुनेकडे बघितलं. ती बाहेर आली कशी, हे त्यांना तेव्हा उमगायला लागलं.

अधिकाऱ्यांनी निकाल दिला. हयात व्यक्तीची संमती नाही, सबब तिची आकृती वगळून नवा नमुना करावा, पुन्हा तीस दिवस. मेंबर पाय आपटत गेला. हॉल रिकामा होताना लोक तिच्या दोन्ही बाजूंनी असे गेले, जसं रस्त्यातल्या खड्ड्याच्या बाजूने जातात.

हॉलच्या दारात सासू उभी होती. हाताला अजून पीठ. आली होती म्हणजे. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात असं सरळ बहुतेक पहिल्यांदाच. मग ती टेबलाजवळ जाऊन चष्मेवालीला म्हणाली, "मला एक कोरा अर्ज द्या. नव्या नमुन्याचा."

"तुमच्या घराचा काका भरतील ना—" सवयीने निघून गेलं चष्मेवालीच्या तोंडून. मग ती थांबली. खण उघडला. एक अर्ज सासूला दिला. आणि दुसरा काढून, घडी घालून, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सुताराने करवत घेऊन दुसऱ्या फळीचा टेकू कापला. गुडघ्यावरची बाई कोपऱ्यावरच्या भाजीवालीने मागून घेतली, आडवी टाकली आणि तिच्या पाठीवर टोमॅटो मांडले. लोक सुनेशी बोलेनासे झाले. वाणी साखर मोजून द्यायचा, तोंडाकडे बघायचा नाही. सासरे घरात असून नसल्यासारखे. तिच्याशी नाही, बायकोशी नाही. खिडकीत बसून एकट्या उभ्या पोराकडे बघायचे. त्यांचं दुःख खरं होतं, आणि ते कुणी हलकं करू शकलं नाही. पण दाराला किल्ली फिरवायला त्यांचा हात पुन्हा उठला नाही. पिठाच्या डब्यातली किल्ली आता दाराशेजारी खिळ्यावर टांगलेली असायची, आणि तिथून ती काढून ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही.

पुढच्या महिनाअखेरीला, अगदी शेवटच्या दिवशी, सून निळा स्वेटर घालून बसच्या रांगेत उभी राहिली. मागच्या दोन बायका कुजबुजल्या. कुजबुजू दे.

बंबखान्यात साहेबांनी तिला फोनसमोर बसवलं. भिंतीवर प्रश्नांचा तक्ता होता. पहिला, पत्ता काय. दुसरा, काय जळतंय. तिसरा, कुणाचं घर. शेवटचा, आत कोण आहे. तिने विचारलं, "हा क्रम खोडू का?" साहेब म्हणाले, "पत्ता आणि आत कोण, दोन्ही एका दमात विचारायचं. पत्त्याशिवाय बंब कुठं सोडणार? पण खोड." तिने शेवटचा प्रश्न पत्त्याच्या वर लिहिला.

दुपारी फोन वाजला. एक पुरुष, घाबरलेला, ओरडत होता, माझं घर, माझं घर, किल्लीवाल्यांच्या चौकामागं, तिसरं.

"हो दादा, बंब निघाला," ती म्हणाली. "आत कोण आहे?"

"कुणी नाही हो! कुणी नाही!" आणि मग, एका श्वासानंतर, "बायको आहे. आई आहे."

त्या वाचल्या. दोघी वाचल्या. बंब सरळ मागच्या खोलीला लागला.

त्या माणसाला नावं ठेवू नका. तो खोटं बोलत नव्हता, त्याला आठवलं नव्हतं. आता गोष्ट संपली म्हणून तुम्ही हातातल्या पेपरची घडी घालाल आणि उठाल. उठा. पण घरटी एक असा जो कागद कधीतरी तुमच्याही हातात आला असेल, त्यावर सही करताना कुणाला विचारलं होतं ते आठवून बघा. आठवत नसेल तर आपल्याच दाराशी उभे राहा, आणि तिने विचारलं तसं विचारा.

आत कोण आहे?